कोरड्या पुलावरचा पदकांचा बाजार

परदेशांतून परत आलेल्या मनुष्यानें तेथील राजवाडे, देवालयें व पर्वत यांचें वर्णन करावें, अशी रीत आहे. गेल्या शरद ऋतूंत मी जॉर्जिया देशाच्या राजधानींत, तिबिलिसी शहरीं, तीन आठवडे राहून आलों. तेथें वर्णन करण्याजोगें पुष्कळ आहे. टेकडीवर नारीकला नांवाचा जुना किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशीं गंधकाच्या ऊन पाण्याचीं स्नानगृहें आहेत, आणि गल्लोगल्लीं लांकडी कोरीव सज्जांचीं घरें आहेत. परंतु या लेखांत मला जें सांगावयाचें आहे, तें यांपैकीं कशाविषयींहि नाहीं. तें आहे एका पुलावर फडकीं पसरून मांडलेल्या, रुपयाएवढ्या धातूच्या चकत्यांविषयीं.

प्रथम तेथें जाण्याचें प्रयोजन सांगतों. माझी भाची तिबिलिसींत वैद्यकाचें शिक्षण घेत आहे. भारतांतून या शिक्षणासाठीं तिकडे जाणाऱ्या मुलामुलींची संख्या अलीकडे बरीच वाढली असून त्यांत महाराष्ट्रांतलीं मुलेंहि थोडीं नाहींत. "पोर एकटी आहे, थंडी पडण्यापूर्वीं एकदां पाहून ये," असें ताईनें सांगितलें, आणि सेवानिवृत्त भावाजवळ नकाराला कांहीं सबब उरली नाहीं. मेतकूट, भाजणी आणि लोणचें यांनीं भरलेली पेटी घेऊन मी निघालों. शाकाहारी मनुष्याची तेथें उपासमार होईल ही ताईची भीति मात्र खोटी ठरली. मातीच्या भांड्यांत शिजविलेला ‘लोबिओ’ नांवाचा घेवड्याचा रस्सा आणि ‘म्चादी’ ही मक्याची भाकरी यांवर माझे तीन आठवडे उत्तम गेले.

ताईला न सांगितलेलें दुसरेंहि एक प्रयोजन होतें. जुनीं नाणीं व पदकें जमविण्याचा मला छंद आहे. जें राज्य आतां नकाशावर उरलेलें नाहीं, त्या राज्यानें आपल्या प्रजेला दिलेलीं पदकें पाहावयाचीं तर तिबिलिसीसारखें दुसरें ठिकाण क्वचित् सांपडेल, असें मीं ऐकलें होतें. जॉर्जिया हा सोव्हिएट संघराज्याचा घटक होता. ९ एप्रिल १९९१ रोजीं त्यानें स्वातंत्र्य पुकारलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तें अवाढव्य संघराज्यच लयास गेलें. राज्य गेलें, पण त्यानें वांटलेलीं पदकें घरोघरच्या कपाटांत राहिलीं.

त्या बाजाराचें नांव ‘म्श्राली खिदी’, म्हणजे कोरडा पूल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका इटालियन स्थपतीनें म्त्क्वारी नदीच्या एका फांट्यावर हा पूल बांधला. पुढें तो फांटा बुजविण्यांत आला. पाणी गेलें आणि पूल तसाच उभा राहिला. आतां त्याच्या कमानींखालून मोटारी धांवतात. शेजारींच ‘देदा एना’ नांवाचा बाग आहे. ‘देदा एना’ म्हणजे मातृभाषा. आपल्या भाषेच्या नांवानें बाग करणारे हे लोक मला तेवढ्यावरूनच आपले वाटूं लागले.

या ठिकाणीं बाजार कसा भरूं लागला, ती कथा सुखाची नाहीं. स्वातंत्र्य मिळालें त्याच हिंवाळ्यांत राजधानीच्या मुख्य रस्त्यावर यादवी माजली. लगेच १९९२ व १९९३ सालीं अबखाझिया प्रांतांत युद्ध झालें. रूबलमध्यें सांठविलेली जन्माची पुंजी मातीमोल झाली. वीज नाहीं, ऊब नाहीं, पगार नाहीं, अशा त्या दिवसांत प्राध्यापक, वैद्य, वादक अशीं सुशिक्षित माणसें घरांतील वस्तु घेऊन या पुलावर येऊन बसूं लागलीं. चिनी मातीचे पेले, दुर्बिणी, कॅमेरे, पुस्तकें, आणि अखेरीस वडिलांच्या छातीवरचीं पदकें. आतां दिवस पालटले आहेत. बहुतेक विक्रेते धंदेवाईक असून घेणारे प्रवासी असतात. तथापि फडक्यांवरच्या वस्तु त्याच आहेत, आणि त्या कोणाच्या तरी घरांतूनच आलेल्या आहेत.

पहिल्याच दिवशीं एका वृद्ध दुकानदाराशीं माझी ओळख झाली. गळ्यांत भिंग अडकवून बसलेला हा गृहस्थ मोठा बोलका होता. तो बोले व भाची मला मराठींत सांगे. रुग्णांशीं बोलतां यावें म्हणून या मुलींना जॉर्जियन भाषा शिकावी लागते, तिचा असाहि उपयोग झाला. भाचीनें मला हांक मारतांच तो हंसून म्हणाला, "बाप-लेकींची जोडी छान आहे." मी चकित झालों. मग उलगडा झाला, तो असा कीं, जॉर्जियन भाषेंत ‘मामा’ म्हणजे बाप! आई म्हणजे ‘देदा’. आम्हीं त्याची समजूत दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, पण व्यर्थ; तीन आठवडे मी तेथें बापच होतों.

त्याच्या मखमलीच्या फळ्यांवर जें होतें, तें थोडक्यांत सांगतों. सर्वांत विपुल तें जर्मनीवरील विजयाचें पितळी पदक. हें ९ मे १९४५ रोजीं निर्माण झालें व सुमारे दीड कोटी लोकांना मिळालें. त्यावर स्टालिनचा मुखवटा असून फीत काळ्या व नारिंगी पट्ट्यांची आहे. स्टालिन हा मूळचा याच देशांतील गोरी गांवचा चांभाराचा मुलगा. ज्या भूमीनें त्याला जन्म दिला तिच्याच एका पुलावर त्याचे हे शेंकडों मुखवटे उन्हांत पडलेले होते. त्याच्या शेजारीं १९७४ सालीं सुरू झालेलें ‘श्रमवीर’ पदक. दीर्घकाळ निष्ठेनें काम केलेल्या कारकुनांस, कामगारांस, शिक्षकांस तें मिळे, आणि त्यांची संख्या चार कोटींच्या घरांत गेली. त्याउलट ‘शौर्यासाठीं’ असा लेख असलेलें १९३८ सालचें रुप्याचें पदक. त्यावर तीन विमानें व एक रणगाडा कोरलेला आहे. तें रणांगणावर प्रत्यक्ष पराक्रम केल्यावांचून मिळत नसे, म्हणून जुने शिपाई मोठमोठ्या मानचिन्हांपेक्षांहि त्याला अधिक मान देत. आणि जॉर्जियाच्या घरोघरीं आढळणारें पदक म्हणजे १ मे १९४४ रोजीं निघालेलें ‘काकेशसच्या रक्षणार्थ’. त्यावर एल्ब्रुस पर्वताचें शिखर आहे. तेलाच्या विहिरींकडे निघालेली जर्मन सेना १९४२ सालीं याच पर्वतांत अडविली गेली होती.

भगिनीवर्गास कुतूहल वाटेल असा एक प्रकार येथें सांगितला पाहिजे. युद्धांत मनुष्यहानि अपरिमित झाली, तेव्हां ८ जुलै १९४४ रोजीं त्या सरकारनें मातांसाठीं पदकें काढलीं. पांच व सहा मुलांच्या आईला पदक, सात ते नऊ मुलांच्या आईला मानचिन्ह, आणि दहा मुलें वाढविणाऱ्या आईला ‘वीरमाता’ ही पदवी व सोन्याचा तारा. तोहि शेवटचें मूल एक वर्षाचें झाल्यावर. पांच मुलांच्या आईचें पदक त्या फळीवर एका साध्या जेवणाच्या किंमतीस होतें. तें हातांत घेऊन भाची म्हणाली, "मामा, पांच बाळंतपणांचे एवढेच?" दुकानदारानें तिच्या बोलण्याचा अर्थ विचारला नाहीं, तो चेहऱ्यावरून त्याला कळला असावा.

छंदी मनुष्याची दृष्टि कशी असते, तेंहि सांगतों. तो पदकाची दर्शनी बाजू पाहतच नाहीं. आधीं उलटून पाहतो. लाल ताऱ्याचें मानचिन्ह घ्या. हें १९३० सालीं निर्माण झालें. पांच टोंकांचा रुप्याचा तारा, त्यावर गडद लाल मिना, मध्यें बंदूक धरलेला शिपाई. याच्या मागें टांकसाळीचा ठसा, अंगरख्याला अडकविण्याचा मळसूत्री खिळा, आणि एक क्रमांक असतो. क्रमांकाची घडण, ठशाची उंची, खिळ्याची लांबी यांवरून तें कोणत्या काळचें व खरें कीं खोटें हें जाणता ओळखतो. ओतीव नकला सर्वत्र आहेत, व नवख्यानें त्यांत हटकून फसावें. युद्धकाळच्या पदकांची फीत आरंभीं लहान चौकोनी पट्टीवर असे. १९४३ सालच्या जूनपासून ती पंचकोनी पट्टीवर आली. एवढी एक खूण ठाऊक असली तरी पुष्कळ फसगत टळते.

परंतु तो क्रमांक केवळ पारख्यासाठीं नव्हता. ज्याला मानचिन्ह मिळे त्याला एक पुस्तिका दिली जाई, आणि तींत त्याचें नांव व तोच क्रमांक लिहिलेला असे. मानचिन्हाबरोबर थोडें मासिक वेतनहि मिळे. लाल ताऱ्याचे महिना १५ रूबल. हीं वेतनें १९४८ पासून बंद झालीं. आरंभींचा नियम असा कीं, धारण करणारा वारला म्हणजे मानचिन्ह सरकारजमा करावें. १९४२ सालीं निघालेलें ‘पितृभूमीच्या युद्धाचें मानचिन्ह’ हें घरच्यांना ठेवूं दिलेलें पहिलें. बाकीच्यांचा नियम पुढें सैल झाला. म्हणजे धातूवर क्रमांक आणि कागदावर नांव, अशी ही जोडी आहे. पुस्तिका हरवली कीं तारा अनामिक झाला. अलीकडे, २०१० पासून, रशियाच्या संरक्षण खात्यानें युद्धकाळचे पुरस्कारपत्र सर्वांना पाहण्यास खुले केले आहेत. त्यामुळें पुष्कळ अनामिक ताऱ्यांचे धनी पुन्हां सांपडूं लागले आहेत. दुकानदार सांगत होता कीं, पुस्तिकेसह असलेल्या ताऱ्याला कितीतरी अधिक किंमत येते. जगांतील बाजारसुद्धां नांवाला मोल देतो, हें ऐकून मला समाधान वाटावयास हवें होतें. पण माझें मन एकदम घरीं, पुण्याच्या वाड्यांतल्या कपाटाकडे गेलें.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धांत सब-असिस्टंट सर्जन म्हणून मेसोपोटेमियांत होते. त्याबद्दल त्यांना रुप्याचें पदक मिळालें होतें. इंग्रज सरकारची एक पद्धत चांगली होती. त्या पदकाच्या कडेवर ज्याचें त्याचें नांव व हुद्दा उमटविलेला असे. पदकांत चांदी अडीच तोळ्यांची. आजोबा गेल्यावर पुढें ताईच्या उष्टावणाची वेळ आली, तेव्हां आजीनें तें पदक सोनाराकडे देऊन, त्यांत थोडी भर घालून, एक वाटी करविली. आजीला दोष देण्याचें माझ्या मनांतहि येत नाहीं. नातीच्या मुखीं पहिला घांस आजोबांच्या चांदींतून जावा, ही तिची कल्पना होती. ती वाटी आमच्याकडे आहे. भाचीचें उष्टावणहि तिच्यांतच झालें. पण कडेवरचें नांव मुशींत विरघळलें. आजोबा कोणत्या पलटणीबरोबर, कोठें, किती दिवस होते, हें आज आमच्यापैकीं कोणासहि सांगतां येत नाहीं.

या लाल ताऱ्याचा आपल्या देशाशीं थोडा संबंध आहे, तोहि मला याच वेळीं आठवला. दुसऱ्या महायुद्धांत इराणमार्गें सोव्हिएट सेनेला सामग्री पोंचविण्याच्या कामीं भारतीय सैन्याच्या पुरवठा खात्यांतील माणसें होतीं. त्यांपैकीं सुभेदार नारायणराव निक्कम व हवालदार गजेंद्रसिंग या दोघांना १९४४ सालीं हेंच मानचिन्ह देण्यांत आलें. पहिलें नांव ऐकून मराठी मनुष्याचे कान टवकारल्यावांचून राहत नाहींत.

मानचिन्हें देणारें राज्यच गेलें म्हणजे धारण करणाऱ्याचें काय होतें, याचें उदाहरण जॉर्जियांत सर्वांना ठाऊक आहे. मेलितोन कांतारिया हा या देशाचा पुत्र. १९४५ सालच्या एप्रिलच्या अखेरीस बर्लिनच्या राइशस्टागवर विजयध्वज लावणाऱ्यांत त्याचें नांव येतें, आणि त्याला ‘सोव्हिएट संघाचा वीर’ ही सर्वोच्च पदवी मिळाली होती. अबखाझियाच्या युद्धांत हाच वीर वृद्धापकाळीं घर सोडून निर्वासित झाला, व १९९३ सालच्या डिसेंबरांत मॉस्को येथें वारला. त्या महायुद्धांत जॉर्जियांतून सुमारे सात लाख माणसें गेलीं व त्यांतील तीन लाखांच्या आसपास परत आलीं नाहींत, असें सांगतात. तेव्हां या पुलावरची गोष्ट कोणा एकाच्या घरची नव्हे.

निघण्यापूर्वींच्या रविवारीं मी पुन्हां पुलावर गेलों. दुकानदारांच्या रांगेच्या अखेरीस, कठड्यालगत, घडीच्या स्टुलावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. वय ऐशीच्या पुढें असावें. पायाशीं पसरलेल्या रुमालावर चहाच्या पेल्यांचीं दोन जर्मन-सिल्व्हरचीं बैठकें, एक कॉफी दळण्याचें हातयंत्र, आणि एका डबींत लाल तारा. भाचीनें त्यांना ‘बेबो’, म्हणजे आजी, अशी हांक मारली. तारा त्यांच्या वडिलांचा होता. मीं तो उलटून पाहिला. ठसा खरा, खिळा मूळचा, मिना एका टोंकाशीं किंचित् उडालेला. इतक्या दिवसांत पाहिलेल्यांत तो सर्वांत चांगला होता. मीं विचारलें, "पुस्तिका आहे काय?"

बाईंनीं पिशवींतून रुमालांत गुंडाळलेली पुस्तिका काढून दाखविली, आणि पुन्हां आंत ठेवली. ती विकावयाची नव्हती. भाचीनें कारण विचारलें. त्या म्हणाल्या, "तारा सरकारनें दिला होता. तें सरकार गेलें. नांव माझ्या आजीनें ठेवलें होतें."

मीं तारा खालीं ठेवला. घेऊं नये, असें मला वाटूं लागलें. बाई माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनीं, पुस्तिका न उघडतां, तो क्रमांक एकेक आंकडा करून म्हणून दाखविला. भाची डबीवर ओणवून एकेक आंकडा ताडून पाहत होती. एकहि चुकला नाहीं. "लहानपणीं बाबांनीं पाठ करविला होता," त्या म्हणाल्या.

"बेबो, मग हा विकतां कशाला?" भाचीच्या तोंडून निघून गेलें. बाई रागावल्या नाहींत. औषधें, आणि हिंवाळ्याचा गॅस, एवढेंच त्यांनीं सांगितलें. पण मी अजून उभाच आहें, घेतहि नाहीं आणि जातहि नाहीं, असें पाहून त्यांनीं भाचीला कांहींसें तोडून सांगितलें, भाचीनें तें संकोचानें मला ऐकविलें: "मामा, त्या म्हणतात, तुमच्या वडिलांना सांग, मला दया नको, गिऱ्हाईक पाहिजे."

मी शरमलों. जी गोष्ट मी माझ्या मनाच्या शुद्धतेसाठीं टाळूं पाहत होतों, तिच्यावर त्यांचा हिंवाळा अवलंबून होता. मीं न घेतला तर पलीकडचा दुकानदार घेणार आणि फळीवर लावणार, हेंहि स्पष्ट होतें. मीं त्यांनीं सांगितलेली किंमत घासाघीस न करतां दिली, आणि एकच विनंति केली: पुस्तिका नको, पण तींतला मजकूर उतरून घेऊं द्यावा.

त्यांनीं क्षणभर विचार केला आणि पुस्तिका मांडीवर उघडून धरली. भाची वाचीत गेली, मी माझ्या वहींत लिहीत गेलों. नांव, बापाचें नांव, जन्मवर्ष, क्रमांक. पुस्तिकेंत नव्हतें तें बाईंनीं आपण होऊन सांगितलें. गांव कोणतें, द्राक्षांचा मळा किती, लढाईहून आल्यावर एका कानानें ऐकूं येईनासें झालें, तें शेवटपर्यंत. एका अक्षराचा उच्चार माझ्या हातून चुकला, तो त्यांनीं तीनदां म्हणून दुरुस्त करविला. लिहून झाल्यावर त्या माझ्या वहीवर वांकल्या आणि त्या शिरोरेघेच्या अक्षरांवरून बोट फिरवून विचारूं लागल्या, "हीं कोणतीं अक्षरें?" भाचीनें सांगितलें. "यांत त्यांचें नांव कोणतें?" तेंहि दाखविलें. त्यांनीं तो शब्द पुष्कळ वेळ पाहिला, आणि पैसे पिशवींत ठेवले.

अशा वस्तु देशाबाहेर नेण्याविषयीं तेथें नियम आहेत. त्याची चौकशी करून, लागलें तें पूर्ण करून, मी तारा घेऊन आलों. ज्यांना हा छंद आहे त्यांनीं हें आधींच करावें. रशियांत तर सरकारी मानचिन्हांची खरेदी-विक्री हाच अपराध आहे.

मीं केलें तें योग्य कीं अयोग्य, याचा निवाडा मला अद्यापि करतां आलेला नाहीं. कोणाच्या वडिलांचें मानचिन्ह माझ्या कपाटांत असावें, हें कांहीं स्वाभाविक नव्हे. म्हणून वहींतलें तें पान मीं ताऱ्याबरोबर डबींत ठेवलें आहे, आणि खालीं लिहिलें आहे: "ही वस्तु आमची नव्हे, ठेव आहे. ही विकूं नये. त्या घरचें कोणी मागावयास आलें, तर किंमत न घेतां परत द्यावी." खालीं माझी सही आहे आणि भाचीचीहि आहे, कारण माझ्यामागें तीच हें पाहणार.

घरीं परतल्यावर ताई भाचीची खुशाली ऐकावयास आली. तिला मीं सर्व सांगितलें. मग कपाटांतील ती वाटी काढून आम्हीं दोघांनीं आजोबांविषयीं जें जें आठवतें तें एका कागदावर लिहून काढलें. अर्धें पानहि भरलें नाहीं. कांहीं गोष्टी तिला ठाऊक होत्या, कांहीं मला. कांहीं आमच्या धाकट्या आत्यांना ठाऊक होत्या, पण त्यांना विचारण्याची वेळ निघून गेली आहे. तो अर्धा कागद वाटींत ठेवला आहे.

वाचकांच्या घरींहि अशी एखादी वस्तु असेल. पदक नसेल, तर शाळेंतलें बक्षीस, एखादी अंगठी, भिंतीवरची तसबीर. तिचें मोल सोनार सांगेल. पण ती कोणाची, कशाबद्दल मिळाली, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच विचारून, आजच मागल्या बाजूस लिहून ठेवावें. त्या बाईंच्या घरीं क्रमांकसुद्धां पाठ होता. आमच्या घरीं कडेवर नांव असूनहि राहिलें नाहीं.